जुने लेदर बूट वाचवायचे की नवे घ्यायचे, आणि टिकवायचे कसे

तुमचा प्रश्न असा आहे की घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड लेदरचे बूट कित्येक वर्षं खोक्यात पडून होते, आता बाहेर काढले तर कातडं एकदम कडक झालंय, वर पांढरट थर दिसतोय आणि उजव्या बुटाचा सोल पुढून उकललाय. दुरुस्त करावेत की नवीन घ्यावेत, नवीन घ्यायचे तर टिकाऊ जोडी ओळखायची कशी आणि मग सांभाळायची कशी. मी बूट बनवणं आणि दुरुस्त करणं हेच काम करतो, आणि या तिन्ही प्रश्नांना लागू पडणारी एक गोष्ट आहे ती आधी सांगतो. बुटाचा सोल बदलता येतो, टाच बदलता येते, लेस, आयलेट, चेन, अगदी आतलं अस्तरसुद्धा बदलता येतं. पण वरचं कातडं, ज्याला आम्ही अप्पर म्हणतो, ते गेलं की बूट गेला. म्हणून जुना बूट तपासताना, नवा घेताना आणि रोज वापरताना, दरवेळी स्वतःला एवढंच विचारायचं की याने अप्परला काय होणार आहे.

पहिलं काम, ते बूट अजिबात पायात घालून बघू नका, "बसतात का बघू" म्हणून दोन पावलंसुद्धा नकोत. कातडं हे कोलॅजेनच्या तंतूंचं दाट गुंतलेलं जाळं असतं, ते कमावताना त्यात तेल-चरबी मुरवलेली असते आणि थोडी ओलही असते, त्या दोन्हींमुळे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि कातडं वाकतं. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर ही ओल आणि तेल कमी होतं, तंतू एकमेकांना चिकटून बसतात, आणि अशा वेळी तुम्ही पाय घालून चवड्यावर वाकलात की तंतू सरकत नाहीत, तुटतात. म्हणजे जी जोडी दोन दिवसांच्या कामात वाचली असती ती एका मिनिटात जाते. भेग पडते ती नेमकी जिथे बूट दर पावलाला वाकतो तिथेच, करंगळीच्या बाजूला आणि चवड्याच्या वर, आणि तिथे पडलेली भेग कुठल्याही क्रीमने बुजत नाही.

आता तो पांढरा थर. बहुतेक लोक पांढरं दिसलं की बुरशी समजून घासायला लागतात, पण लेदरवर पांढरं तीन कारणांनी येतं आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे खरोखरची बुरशी, ती ठिपक्या-ठिपक्यांची, थोडी लवदार असते, कुबट वास येतो, आणि शिवणीच्या कडेला, जिभेच्या घडीत, आत अस्तरावर पण सापडते. दुसरं म्हणजे कातड्यातलीच चरबी वर येऊन थिजणं, हे थंडीत जास्त होतं, पातळ एकसारखा धुरकट थर दिसतो आणि बोट फिरवलं की मेणचट लागतं. तिसरं म्हणजे क्षार, घामातले किंवा पाण्यातले, त्याची समुद्राच्या लाटेची असावी तशी वाकडीतिकडी रेघ उमटते. ओळखायचं कसं? हेअर ड्रायर सगळ्यात मंद ठेवा, एक वीतभर लांबून काही सेकंद हवा मारा, थर वितळून दिसेनासा झाला तर ती चरबी, काळजीचं काही नाही, मऊ फडक्याने पुसून घ्या आणि ब्रश मारा, ती कातड्यातच परत मुरते. ओल्या फडक्याने पुसल्यावर गेलं आणि वाळल्यावर त्याच रेघेवर परत आलं तर क्षार, त्याला पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकून, साधारण एक भाग व्हिनेगर दोन भाग पाणी, फडकं पिळून पुसायचं, मग साध्या ओल्या फडक्याने परत पुसायचं. आणि हवेने काही फरक पडला नाही, वास येतोय, तर बुरशी.

बुरशी घरात झटकू नका, तिचे बीजाणू बाकीच्या चपला-बुटांवर जाऊन बसतात. बाहेर मोकळ्यावर, तोंडाला मास्क लावून, कोरड्या ब्रशने झाडा आणि तो ब्रश नंतर धुवून वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सगळा बूट पुसा, आत हात घालून अस्तर पण पुसा, इनसोल, म्हणजे आतला पायाखालचा थर, सुटा असेल तर काढून फेकूनच द्या. आधी जिभेच्या आतल्या बाजूला, कुठे दिसणार नाही तिथे लावून रंग सुटतोय का ते बघा, कारण अल्कोहोल काही फिनिश, म्हणजे कातड्यावरचा रंगाचा-चमकीचा थर, उतरवतं. मग वाऱ्यावर सावलीत एक-दोन दिवस. ऊन दाखवलं तर बुरशी मरेल असं खूप जण सांगतात, थोडं खरं पण आहे, पण कडक उन्हात आधीच सुकलेलं कातडं अजून सुकतं आणि रंग उडतो, म्हणून मी सावलीच सांगतो.

यानंतर कातड्याला परत मऊ करायचं, आणि इथे घाई करणारे बूट घालवतात. लेस पूर्ण काढा. शिवणीत, वेल्टच्या (सोलच्या वर कडेने फिरणारी लेदरची पट्टी) खाचेत, जिभेच्या मागे जी माती अडकलेली असते ती कोरड्या ब्रशने काढा, कारण ती माती दर पावलाला सॅण्डपेपरचं काम करते आणि टाके कापते. मग सॅडल सोप, म्हणजे लेदरचा खास साबण, असेल तर त्याचा थोडा फेस करून, नसेल तर नुसत्या ओलसर फडक्याने पुसा. अंगाचा किंवा कपड्याचा साबण नको, तो अल्कधर्मी असतो आणि कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी असतं, वारंवार साबण लागला की ते कडक आणि ठिसूळ होतं. ओलसर पुसण्याचा अजून एक फायदा म्हणजे तेलाच्या आधी थोडी ओल आत जाते. मग कातडं स्पर्शाला थंडसर लागत असतानाच कंडिशनर लावायचा, अगदी पातळ हात, बोटाने किंवा जुन्या बनियनच्या तुकड्याने, आणि रात्रभर सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी हाताने, पायाने नाही, हलकं हलकं दाबून बघायचं, अंगठा चवड्याच्या जागी ठेवून थोडंसं वाकवायचं. अजून कडक असेल तर परत पातळ हात, परत रात्रभर. असं दोन-चार वेळा. एकदम भरपूर ओतलं तर लवकर होतं असं वाटतं, पण वरचा थर चिपचिपीत होतो, आत कोरडंच राहतं.

कंडिशनर कुठला, हा प्रश्न हमखास येतो. लॅनोलिन, मधमाशांचं मेण असलेली कुठलीही चांगली क्रीम चालते. नीट्सफूट ऑइल, जे गुरांच्या पायाच्या हाडांपासून निघतं, आणि मिंक ऑइल, हे दोन्ही खूप सुकलेल्या जाड लेदरला खरंच उपयोगी आहेत, पण रंग कायमचा गडद होतो आणि जास्त झालं तर कातडं लिबलिबीत होऊन घोट्याजवळ कोसळतं, आकार धरत नाही, आणि ते जादा तेल म्हणजे बुरशीला आयतं खाणं. स्वयंपाकाचं कुठलंही तेल लावू नका, ते कालांतराने खवट होतं, वास येतो आणि चिकट धूळ धरतं. तुमचे बूट नुबक किंवा स्वेडचे असतील, म्हणजे पृष्ठभाग मखमली असेल, तर वरचं तेल-क्रीमचं सगळं विसरा, त्यांना फक्त ब्रश, खोडरबर आणि पाणी न धरणारा स्प्रे. एकदा तेल लागलं की ती मखमल परत येत नाही.

मऊ झाल्यावर मग निकाल लावायचा. उजेडात बूट धरा, आत दोन बोटं घालून वाकणाऱ्या जागी आतून वर ढकला. बारीक सुरकुत्या उघडल्या आणि त्यात त्याच रंगाचं कातडं दिसलं तर त्या सुरकुत्याच, बिनधास्त वापरा. वरच्या रंगाचा पापुद्रा फुटलाय पण खाली कातडं सलग आहे, तर तो फिनिश फुटलाय, दिसायला वाईट पण बूट चालतो, रंगाच्या क्रीमने बराच झाकता येतो. आणि चिरेमध्ये केसाळ, फिकट तंतू दिसले तर कातडं आतून तुटलंय, तिथून पाणी जाणार आणि चीर वाढणारच. आतून पातळ लेदरचा पॅच चिकटवून शिवता येतो, बाजूला असेल तर मी करून देतो, पण नेमकी चवड्याच्या वाकावर असेल तर पॅच टोचतो आणि पुन्हा कडेने फाटतो, तिथे मी स्पष्ट नाही सांगतो. अजून एक, फार जुनं, झाडाच्या सालीत कमावलेलं लेदर घासलं की हाताला लालसर भुकटी लागते, त्याला रेड रॉट म्हणतात, कातडं रासायनिकरीत्याच मोडलेलं असतं, त्यावर उपाय नाही, आठवण म्हणून ठेवायची जोडी असेल तर कपाटात ठेवा.

आता उकललेला सोल. उकललेल्या फटीत बघा काय दिसतंय. नुसतं जुनं सोल्युशन पिवळं पडून सुटलंय आणि दोन्ही कडा घट्ट आहेत, तर साफ करून, घासून, नवीन सोल्युशन लावून प्रेस केलं की झालं. पण मधला फोमचा थर नखाने चुरा होत असेल, ओल्या मातीसारखा गळून पडत असेल, तर तो पॉलियुरेथेनचा मिडसोल आहे आणि त्याचं हायड्रोलिसिस झालंय. हवेतली ओल पॉलियुरेथेनचे रासायनिक बंध तोडत जाते, बूट वापरा किंवा ठेवा, तुटतातच, आणि उबदार दमट जागेत बंद खोक्यात तर जास्तच. ट्रेकिंगच्या बुटांमध्ये हे फार दिसतं, वरून नवाकोरा बूट आणि पहिल्याच चालीत सोल हातात. याला सोल्युशन लावून उपयोग नाही कारण चिकटवायचं कशाला, खालचंच भुसभुशीत आहे. पूर्ण मिडसोल आणि सोल काढून नवीन बसवावा लागतो, काही कारागीर करतात. आणि एक सोल गेला असेल तर दुसरा पण त्याच वयाचा आहे, दोन्ही करा.

सोल शिवलेला असेल तर तुमची जोडी वाचवण्यासारखी असण्याची शक्यता खूप वाढते. बुटाच्या कडेने सोलच्या वर लेदरची एक पट्टी फिरलेली असते, ती वेल्ट. गुडइयर वेल्ट पद्धतीत अप्पर, अस्तर आणि वेल्ट हे तिन्ही आधी इनसोलला खालून उभ्या असलेल्या बरगडीला शिवतात, आणि मग सोल फक्त त्या वेल्टला शिवतात. चार्ल्स गुडइयर ज्युनियर, ज्याच्या वडिलांनी रबर व्हल्कनाइझ करायची पद्धत काढली, त्याने १८७० च्या आसपास हे काम मशीनवर आणलं, त्याआधी ते पूर्ण हातानेच होत असे आणि आजही काही जण हाताने करतात. याचा फायदा असा की सोल काढताना अप्परला हात लागत नाही.

टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो म्हणजे कारागिराकडे दिल्यावर काय चाललंय ते कळेल. आधी टाच उचकटून काढतो, मग रापीने वेल्ट आणि सोलच्या मधले टाके एकेक करून कापतो, पकडीने पुढून धरून सोल मागे ओढला की तो सालासारखा निघून येतो. खाली कॉर्कचा थर दिसतो आणि त्यात मालकाच्या पायाचा ठसा अगदी स्वच्छ उमटलेला असतो, चवड्याचा खड्डा खोल, अंगठ्याचा वेगळा, मधल्या कमानीत उंच. कित्येकदा त्या ठशावरूनच कळतं की माणूस बाहेरच्या कडेवर भार देतो. कॉर्क सुकून चुरा झाला असेल तर खरवडून नवीन भरतो. मग शँक, म्हणजे कमानीखाली आधाराला घातलेली पट्टी, बघतो, लोखंडी असेल तर गंजलीय का, हलते का. मग सगळ्यात महत्त्वाचं, वेल्टला आतून धरणारी शिवण, ती कुठे तुटली असेल तर आरीने जुन्याच भोकांतून परत शिवतो. वेल्टला दर वेळी नवीन भोकं पाडत गेलं तर ती पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते, म्हणून चांगला कारागीर जमेल तितकी जुनी भोकं वापरतो, आणि वेल्टच संपली तर तीही बदलता येते. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न एवढाच, "शिवून देणार का नुसतं चिकटवून?" शिवलेल्या बुटाचा सोल चिकटवून दिला तर काही महिने चालतो, मग परत उकलतो, आणि ते सोल्युशन खरवडताना वेल्टचं नुकसान होतं.

तुमच्या जोडीचा निर्णय मग सोपा आहे. वाकाच्या जागी कातडं सलग, आतला इनसोल तुटलेला नाही, आणि सोल शिवलेला, तर नक्की करा, नव्या साधारण बुटापेक्षा ती जोडी जास्त चालेल. कातडं चांगलं पण सोल चिकटवलेला, तर कारागिराला दाखवून ठरवा. चवड्यावर आरपार चीर असेल तर पैसे घालू नका, नवीन घ्या.

नवीन घेताना लेबलवर "जेन्युइन लेदर" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, त्याचा अर्थ ते कातडं आहे इतकाच, चांगलं आहे असा नाही. जनावराच्या कातड्याच्या वरच्या थरात तंतू सगळ्यात बारीक आणि दाट गुंफलेले असतात, खाली जाऊ तसे ते सैल होत जातात. वरचा थर घासला नाही, तसाच ठेवला तर ते फुल ग्रेन. डाग-ओरखडे घालवायला वरचा दाणा घासून त्यावर रंगाचा थर आणि छापील दाणा दिला तर ते करेक्टेड ग्रेन, ते सुरुवातीला एकसारखं चकचकीत दिसतं पण वाकावर तो रंगाचा थर फुटतो. खालचा कापलेला थर म्हणजे स्प्लिट, त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन विकतात, आणि बॉन्डेड म्हणजे लेदरचा भुगा गोंदात मळून लाटलेला, तो तर पापुद्रे काढून सोलतो, त्याला मी लेदर म्हणतच नाही. दुकानात ओळखायचं तर अंगठा दाबा, फुल ग्रेनवर बारीक सुरकुत्या अंगठ्याभोवती पसरतात आणि सोडल्यावर विरतात, जाड लेप असेल तर एकच गुळगुळीत खड्डा पडतो. बारीक डाग, शिरेची रेघ, छिद्रांची असमान रचना दिसली तर मला बरं वाटतं, कारण ते लपवलेलं नाही. टिकाऊ कामाच्या बुटाचं अप्पर साधारण २ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. दोन्ही बूट शेजारी धरून पुढचा भाग बघा, एकाचं कातडं घट्ट आणि दुसऱ्याचं सैल, म्हणजे जनावराच्या पोटाकडचं, असं झालं असेल तर तो लवकर सुरकुततो.

क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) का व्हेज टॅन (झाडाच्या सालीत कमावलेलं) यावर लोक खूप भांडतात, माझं मत असं की अप्परला क्रोम किंवा दोन्हींचं मिश्रण चांगलं, ते मऊ राहतं आणि पाणी-उष्णता जास्त सोसतं, आणि इनसोल मात्र जाड व्हेज टॅनचा हवा, तो घाम शोषतो आणि पायाचा आकार घेतो. इनसोल ही गोष्ट कुणीच बघत नाही आणि मी सगळ्यात आधी बघतो. आत हात घालून टाचेपासून पुढपर्यंत चाचपा, सुटा फोमचा तुकडा असेल तर उचला, खाली लेदर आहे का पुठ्ठा? पुठ्ठ्याचा इनसोल घामाने मऊ होऊन तुटला की वेल्टची शिवण धरायला काही राहत नाही, मग बाहेरून कितीही छान असू दे. टाचेचा कप, म्हणजे टाचेला मागून धरणारा कडक भाग, दोन बोटांनी दाबा, तो टणक हवा, दबून तसाच राहिला तर तो बूट टाचेला धरणार नाही. जीभ दोन्ही बाजूंनी अप्परला घडी घालून शिवलेली असेल तर पाणी-खडे आत येत नाहीत.

शिवणीचं सोंग पण ओळखायला शिका. बऱ्याच बुटांना नुसती दिखाऊ टाक्यांची पट्टी चिकटवलेली असते. वरचे टाके मोजा आणि बूट उलटा करून खाली बघा, खाचेत तितकेच, तसेच टाके दिसायला हवेत, किंवा लेदरचा सोल असेल तर कडेने ते टाके झाकणारी बारीक चीर. बुटाच्या आत इनसोलवर कडेने टाके दिसले तर ते ब्लेक शिवण, लायमन ब्लेकने १८५८ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत, एकाच टाक्यात आतून सोलपर्यंत. ती हलकी, लवचिक, सोलही बदलता येतो, पण टाका थेट आत जातो म्हणून पाण्यात काम असेल तर मी सुचवत नाही. स्टिचडाउनमध्ये अप्परच बाहेर वळवून मिडसोलवर शिवतात, ते खूप मजबूत आणि पाण्याला चांगलं. सोलचं म्हणाल तर खडक-चिखलासाठी खोल खाचांचा रबरी सोल, जो विताले ब्रामानीने १९३७ मध्ये आणला. दोन वर्षं आधी आल्प्समध्ये त्याच्या सोबतचे सहा गिर्यारोहक खराब हवामानात गेले होते, त्यांच्या पायातल्या बुटांची पकड अपुरी होती, हे त्यामागचं कारण. शहरात सपाट जमिनीवर चालायचं असेल तर इतक्या खोल खाचांची गरज नाही, कमी खाचेचा रबरी सोल जास्त आरामदायी.

मापाबाबत लोक फक्त अंगठ्यापुढे किती जागा आहे तेवढंच बघतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाच ते चवडा हे अंतर, बूट जिथे वाकायला बनवलाय तिथेच तुमचा पाय वाकला पाहिजे, नाहीतर वाकाची सुरकुती चुकीच्या जागी पडते, बोटांना टोचते आणि अप्पर तिथून फाटतं. हे सगळं परत अप्परवरच येतं बघा. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, जे मोजे घालणार तेच घालून जा, दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप घ्या. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर आणि युरोपियनमध्ये सुमारे ६.७, म्हणून एकातून दुसऱ्यात बदलताना तक्ता तंतोतंत जुळत नाही, घालूनच बघायचं. लेदर रुंदीला सैल होतं, लांबीला नाही, त्यामुळे अंगठा टेकत असेल तर "वापरून होईल सैल" यावर विश्वास ठेवू नका. उलट टाच सुरुवातीला किंचित उचलली जात असेल तर चालतं, सोल वाकायला लागला की ते कमी होतं.

नवे बूट रुळवताना पाण्यात भिजवून पायावर वाळवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, त्याने इनसोल आणि टाचेचा कप दोन्ही बिघडतात. घरात रोज तासभर घाला, मग वाढवत जा.

रोजच्या काळजीत फार काही नाही, पण जे आहे ते टाळू नका. घरी आल्यावर लेस पूर्ण सैल करून बूट काढा, टाच दुसऱ्या पायाने दाबून काढाल तर कप मोडतो. ब्रश मारा, अर्धं मिनिट लागतं. आणि तेच बूट दुसऱ्या दिवशी लगेच घालू नका, दिवसभराचा घाम इनसोलमध्ये मुरलेला असतो, तो सुकायला निदान एक दिवस द्या, दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही मिळून एकामागोमाग वापरलेल्या दोन जोड्यांपेक्षा बरंच जास्त चालतात. आत लाकडी शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार धरून ठेवणारा साचा, ठेवा, सीडरचं असेल तर उत्तम, कुठलंही कच्चं, लेप न दिलेलं लाकूड चालतं, नसेल तर साधा कागद भरा आणि ओला झाला की बदला.

भिजलेले बूट हा सगळ्यात मोठा धोका, आणि धोका पाण्याचा नाही, वाळवण्याचा आहे. ओलं व्हेज टॅन लेदर साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसायला लागतं आणि ते परत पूर्ववत होत नाही, हीटर, शेगडी, गाडीचा ब्लोअर यांच्या तोंडाशी कातड्याचा पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. एकाने ओले बूट हीटरला टेकवून रात्रभर ठेवले होते ते माझ्याकडे आले तेव्हा पुढचं टोक वर वळलेलं, आत इनसोल वाटीसारखा आकसून वेल्टपासून सुटलेला, आणि वाकावर आरपार चिरा. नवीन सोल लावून देण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तेव्हा कागद भरा, आडवे ठेवा म्हणजे सोललाही हवा लागेल, पंख्याखाली सावलीत दोन दिवस, आणि पूर्ण वाळायच्या थोडं आधी पातळ कंडिशनर.

कंडिशनर किती वेळा याचं कॅलेंडर नसतं. वाकाची जागा फिकट दिसायला लागली, कातडं हाताला खरखरीत लागलं, पाण्याचा थेंब टेकताच शोषून गडद झाला, तर वेळ झाली. नेहमीच्या वापरात वर्षातून तीन-चार वेळा पुरतं, सतत पाणी-मातीत काम असेल तर जास्त. पॉलिशमध्ये क्रीम रंग आणि थोडं पोषण देते, मेणाची डबी चमक आणि पाण्यापासून थोडं संरक्षण. मेणाचे थर टोकावर आणि टाचेवर हवे तितके द्या, वाकाच्या जागी जाड देऊ नका, तिथे तडकून पांढऱ्या रेघा पडतात.

सोल कधी बदलायचा तर खाचा सपाट झाल्या की, वेल्टपर्यंत झिजायची वाट बघायची नाही. टाचेचा खालचा रबरी थर एका कडेने झिजून वरच्या लेदरच्या थरांना जमीन लागायच्या आत बदला, हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि लोक हेच लांबवतात, मग चाल तिरकी होते, अप्पर एका बाजूला ओढलं जातं आणि आतल्या टाचेचा कप वाकतो. स्टीलच्या टोकाच्या सेफ्टी बुटांना मात्र वेगळा नियम. आयएसओ २०३४५ या सेफ्टी बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यांच्या टोकाची २०० जूलच्या आघाताला चाचणी झालेली असते, एकदा खरोखर जड काही पडलं की वरून काही दिसलं नाही तरी ती जोडी बदला, आणि त्यांचा सोल बाहेर कुठेही बदलून घेतला तर त्या प्रमाणपत्राचा भरवसा राहत नाही, कामाच्या ठिकाणी आधी विचारून घ्या.

बरेच दिवस वापरणार नसाल तर स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, पातळ कंडिशनर लावून, आत शू ट्री किंवा कागद भरून सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको आणि बंद खोक्यात तर अजिबात नको, हवेतली आर्द्रता सतत ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरतेच. कपाटात जमिनीलगतचा कप्पा सगळ्यात दमट असतो, वरचा वापरा, भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून वाळवा किंवा बदला. दर दोन-तीन महिन्यांनी बूट बाहेर काढा, वास घ्या, जीभ उलटून आत बघा, ब्रश मारा. आणि सोल पॉलियुरेथेनचा असेल तर ती जोडी जपून ठेवायची म्हणून ठेवूच नका, वापरा.